बुटक्या गाडीचा अपुरा हिशेब

मर्यादित पैशांत स्पोर्ट्‌सकारची चाल सुधारायची असेल तर सर्वांत आधी गाडीची उंची कमी करणाऱ्या स्प्रिंगांचा संच बसवावा, शॉक अ‍ॅब्सॉर्बर मूळचेच राहू द्यावेत आणि पुढे कधी हात सैल झाला तर त्यांचा विचार करावा, हा सल्ला हौशी मालक, सुट्या भागांचे विक्रेते आणि गॅरेजवाले यांच्यात इतका रुळला आहे की त्यामागची गृहीतके तपासण्याची गरज फारशी कोणाला वाटत नाही. त्याच्या समर्थनार्थ तीन युक्तिवाद केले जातात. पहिला असा की गाडी खाली आली की तिचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि म्हणून ती वळणावर रस्ता अधिक घट्ट धरते. दुसरा असा की अशी स्प्रिंग मूळ स्प्रिंगपेक्षा कडक असल्याने गाडी कमी कलते. आणि तिसरा असा की कारखान्याने ठरवलेली उंची म्हणजे कायदे, फुटपाथच्या कडा आणि आरामाला चटावलेले ग्राहक यांच्याशी केलेली तडजोड असते, तेव्हा ती मोडण्यात गैर काही नाही. तिन्हींत तथ्याचा अंश आहे, आणि सल्ला चुकीचा असूनही टिकून राहिला आहे तो या अंशाच्या जोरावरच. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे आहे की स्प्रिंगच्या खोक्यावर ठळक छापलेला आकडा, म्हणजे गाडी किती मिलिमीटर खाली येईल हा आकडा, निवडीसाठी जवळजवळ निरुपयोगी असतो. निवड व्हायला हवी ती चाकाला वर जाण्यासाठी किती जागा उरते यावरून, आणि ही जागा राखण्याचा खर्च स्प्रिंगच्या किमतीत धरलेला नसतो.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक ठरावीक गाडी समोर ठेवणे इष्ट ठरेल, आणि त्यासाठी माझ्दा कंपनीच्या एमएक्स-५ या दोन आसनी उघड्या गाडीच्या पहिल्या पिढीइतके योग्य उदाहरण दुसरे नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी प्रथम दाखवण्यात आली, जपानमध्ये ती युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली, आणि अमेरिका, ब्रिटन व जपान या तिन्ही देशांत गेली कित्येक वर्षे ती कमी पैशांत मिळणाऱ्या जुन्या स्पोर्ट्‌सकारचा जणू मापदंड होऊन बसली आहे. तिचे वजन टनाच्या आत, पुढच्या व मागच्या अ‍ॅक्सलमधील अंतर २,२६५ मिलिमीटर, आणि चारही चाके दुहेरी विशबोनवर, म्हणजे एकावर एक बसवलेल्या दोन त्रिकोणी आर्मवर, तोललेली आहेत. स्प्रिंग शॉक अ‍ॅब्सॉर्बरभोवतीच गुंडाळलेली असून दोन्ही मिळून एकच जोडणी तयार होते. हा तपशील पुढे खर्चाच्या हिशेबात फार महत्त्वाचा ठरतो. या रचनेचे मोजमाप उत्तम असले तरी एक उणीव तिच्यात जन्मजात आहे: चाकाला वर जायला मिळणारी जागा मुळातच बेताची आहे, आणि बंप स्टॉप, म्हणजे शॉकच्या दांड्यावर बसवलेला आणि धातूवर धातू आदळू न देणारा रबराचा वा फोमचा ठोकळा, इतर अनेक गाड्यांच्या तुलनेत लवकर कामाला लागतो.

पहिला युक्तिवाद आकड्यांत मांडला की त्याची उंची आपोआप कमी होते. वळणावर गाडीचे वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकते. किती सरकते हे काढण्यासाठी गाडीचे वजन, वळणाचा जोर आणि गुरुत्वमध्याची उंची यांचा गुणाकार करून त्याला डाव्या-उजव्या चाकांमधील रुंदीने भागावे लागते. १,००० किलोची गाडी, जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर गुरुत्वमध्य, १४० सेंटिमीटर रुंदी आणि गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट इतका वळणाचा जोर घेतला तर सुमारे २८९ किलो भार बाहेरच्या चाकांकडे जातो. तीच गाडी २५ मिलिमीटर खाली आणली तर हा आकडा २७३ वर येतो. फरक सोळा किलोंचा, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या आसपास, आणि तोही संपूर्ण गाडी खाली आली असे धरून. प्रत्यक्षात चाके, हब आणि ब्रेक जागच्या जागीच राहतात, त्यामुळे लाभ याहूनही थोडा कमी पडतो. हा लाभ शून्य नाही, शर्यतीच्या मैदानावर तर तो मोलाचाच आहे; पण जुने, टणक झालेले टायर बदलून चांगले टायर घातल्याने जो फरक पडतो त्याच्या पंगतीला तो बसत नाही. शिवाय या सूत्रात स्प्रिंगचा कडकपणा कोठेही येत नाही. कडक स्प्रिंग गाडीचे कलणे कमी करते, परंतु एकूण किती भार सरकतो यावर तिचा परिणाम नगण्य असतो. तो भार पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये कसा वाटला जातो एवढेच पुढच्या-मागच्या स्प्रिंगांच्या प्रमाणावरून ठरते. गाडी कमी कलते म्हणजे टायर अधिक धरतो, ही समजूत डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवरून काढलेला घाईचा निष्कर्ष आहे.

खरा वादाचा मुद्दा जागेचा आहे, आणि नेमका तोच या सल्ल्याच्या पुरस्कर्त्यांच्या मांडणीत गाळला जातो. चाक खड्ड्यावरून किंवा उंचवट्यावरून जाताना वर ढकलले जाते, स्प्रिंग दबते आणि धक्क्याची ऊर्जा साठवते. ही ऊर्जा स्प्रिंगच्या कडकपणाच्या सरळ प्रमाणात वाढते, पण दबण्याच्या अंतराच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. उदाहरणादाखल असे समजावे की एखाद्या गाडीत चाकाला बंप स्टॉपपर्यंत वर जाण्यासाठी ६० मिलिमीटर जागा आहे आणि स्प्रिंग बदलून ती गाडी २० मिलिमीटर खाली आणली. आता जागा उरली ४० मिलिमीटर. पूर्वीइतकाच धक्का तेवढ्या अंतरात जिरवायचा तर, शॉकने शोषलेला भाग बाजूला ठेवल्यास, स्प्रिंग साठ भागिले चाळीस याच्या वर्गाइतकी, म्हणजे सव्वादोन पट कडक असायला हवी. बाजारात मिळणारे सर्वसाधारण संच मूळ स्प्रिंगपेक्षा साधारणतः पाव पट किंवा त्याहून थोडे अधिक कडक असतात, कारण त्यापलीकडे गेले तर मूळ शॉक त्यांना आवरू शकत नाहीत आणि ग्राहकाची पाठही तक्रार करू लागते. पाव पट वाढ धरली तर या गाडीची धक्का जिरवण्याची क्षमता मूळ क्षमतेच्या सुमारे ५६ टक्क्यांवर येते. उरलेला धक्का बंप स्टॉपकडे जातो. म्हणजे ग्राहकाने पैसे मोजले कडक स्प्रिंगसाठी, आणि प्रत्यक्षात गाडी चालू लागली रबराच्या ठोकळ्यावर.

बंप स्टॉपवर टेकणे हे केवळ गैरसोयीचे असते तर या लेखाची गरज नव्हती, कारण स्पोर्ट्‌सकार घेणारा माणूस थोडे हादरे सहन करण्याच्या तयारीनेच ती घेतो. अडचण वळणावर येते. गाडी वळणात कललेली असताना बाहेरच्या बाजूचे चाक आधीच काही अंतर वर गेलेले असते, आणि उंची कमी केल्यामुळे ते बंप स्टॉपच्या आणखी जवळ असते. अशा वेळी रस्त्यातला लहानसा उंचवटा लागला तरी ठोकळा दाबला जातो आणि त्या एका कोपऱ्याचा कडकपणा क्षणार्धात कित्येक पट वाढतो. ज्या टोकाचा कडकपणा अचानक वाढतो त्या टोकाकडे बाहेरच्या टायरवरचा भारही अचानक वाढतो, आणि तेथील दोन टायरांची मिळून पकड कमी होते. हे पुढे घडले तर गाडी वळायचे सोडून सरळ जाऊ पाहते. मागे घडले तर शेपूट सुटते. मागची चाके चालवणाऱ्या, आखूड आणि हलक्या गाडीत दुसरी शक्यता किती अप्रिय असते हे वेगळे सांगायला नको. अशा गाडीचा मालक बहुधा टायरला, रस्त्याला किंवा स्वतःच्या हाताला दोष देतो. गाडी साध्या रस्त्यावर ताठ आणि तत्पर वाटत असल्याने स्प्रिंगवर संशय जातच नाही. हा ताठपणाही पुष्कळदा ठोकळ्याचाच असतो.

यावर पुरस्कर्त्यांचे ठरलेले उत्तर असे की बंप स्टॉप कापून आखूड करावेत. उत्तर अर्धे बरोबर आहे. मऊ फोमचे, आखूड आणि हळूहळू कडक होत जाणारे ठोकळे वापरून काही जागा खरोखरच परत मिळवता येते, आणि एमएक्स-५ च्या बाबतीत तर १९९८ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या गाडीच्या वरच्या बैठका पहिल्या पिढीवर बसवून जागा वाढवण्याची युक्ती मालकांमध्ये प्रचलित आहे. ती स्वस्त असून समजून-उमजून केलेली आहे. परंतु ठोकळा नुसताच कापला आणि शॉक मूळच्याच लांबीचा ठेवला तर त्याचा दट्ट्या आतल्या तळावर आदळू शकतो किंवा टायर मडगार्डच्या आतल्या कडेला लागू शकतो. ठोकळा तेथे कोणी विनाकारण ठेवलेला नव्हता. उंची कमी करायची तर शॉकचे शरीरही त्या मानाने आखूड हवे, आणि बिलस्टाइनसारखी कंपनी उंची कमी केलेल्या गाड्यांसाठी आखूड शॉकची वेगळी मालिका काढते ती याच कारणासाठी. येथे स्प्रिंग आधी आणि शॉक नंतर हा क्रम स्वतःच्याच तर्काने कोसळतो.

शॉकच्या बाबतीत एक गोष्ट मात्र विरुद्ध पक्षालाही सांगितली पाहिजे. कडक स्प्रिंग लावली की मूळ शॉक काही महिन्यांत मरतात, असे भय दाखवून महागडे संच खपवणारेही कमी नाहीत, आणि त्यांचे म्हणणे तितकेच सैल आहे. शॉकचे काम स्प्रिंगचे हेलकावे थांबवणे हे असते आणि त्यासाठी लागणारा अवरोध स्प्रिंगच्या कडकपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. स्प्रिंग पाव पट कडक केली तर अवरोध सुमारे १२ टक्क्यांनी वाढायला हवा. सुस्थितीतल्या शॉकला एवढी तूट फारशी जड जात नाही. जड जाते ते निराळेच. एक म्हणजे शॉकचा दट्ट्या सतत तळाकडच्या भागात काम करू लागतो आणि वारंवार ठोकळ्यावर येतो. दुसरे म्हणजे पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मधील मूळ शॉक, जर ते खरोखरच मूळ असतील, आता पंचवीस वर्षांहून जुने आहेत आणि त्यांनी बारा टक्क्यांपेक्षा कितीतरी अधिक ताकद आधीच गमावलेली असण्याचा संभव आहे. अशा शॉकवर नवी स्प्रिंग बसवून गाडी सुधारली असे म्हणणे धाडसाचे आहे, कारण ज्या सैलपणाने मालक हैराण होता तो बहुतांशी शॉकचाच असतो, आणि मूळ स्प्रिंगा तशाच ठेवून नुसते नवे शॉक घातले असते तरी त्याचे समाधान झाले असते.

तिसरा युक्तिवाद, म्हणजे कारखान्याची उंची ही लादलेली तडजोड असते हा, सर्वांत गांभीर्याने घ्यावा असा आहे, कारण त्याच्या पाठीशी मोटारींच्या इतिहासातले एक खणखणीत उदाहरण आहे. ब्रिटनच्या एमजीबी या गाडीची उंची १९७४ मध्ये अमेरिकेतील नियमांपायी सुमारे २५ मिलिमीटरने वाढवण्यात आली आणि तिची चाल बिघडली, हे तिचे चाहतेही मान्य करतात. परंतु याच गोष्टीचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. १९७५ च्या मॉडेलवर्षात खर्च वाचवण्यासाठी त्या गाडीचा पुढचा अँटी-रोल बारही काढून टाकण्यात आला होता. अँटी-रोल बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी पिळाची सळई. दोन्ही चाके एकदम वर गेली तर ती नुसती फिरते आणि विरोध करत नाही, पण गाडी कलू लागली की पिळली जाऊन कलण्याला अटकाव करते. १९७७ मध्ये कंपनीने बिघाड काही अंशी दुरुस्त केला तो सस्पेन्शनची फेररचना करून आणि सर्व गाड्यांना मागचा अँटी-रोल बार देऊन. वाढवलेली उंची होती तशीच राहिली. ज्यांनी ती उंची नाइलाजाने स्वीकारली होती त्या अभियंत्यांनाही चाल सुधारण्याचा मार्ग उंचीला हात न लावता सापडला, ही गोष्ट कमी खर्चात सुधारणा शोधणाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गाडी कमी कलावी एवढीच मागणी असेल तर थोडा जाड अँटी-रोल बार ती मागणी चाकाची जागा न खाता पुरी करतो. त्याचेही मोल द्यावे लागते, कारण एकाच चाकाला बसलेला धक्का तो दुसऱ्या चाकापर्यंत पोचवतो. पण ते मोल स्प्रिंगच्या मोलापेक्षा पुष्कळ हलके आहे.

एमएक्स-५ ज्या गाडीच्या आदर्शावर घडवली गेली ती १९६२ ची लोटस एलान होय, आणि सातशे किलोंच्या आतबाहेर वजनाच्या त्या गाडीची कीर्ती मऊ स्प्रिंगा, चाकांना भरपूर हालचाल आणि नीट जुळवलेले शॉक यांवर उभी आहे. रस्त्यावरच्या स्पोर्ट्‌सकारने कडक असलेच पाहिजे हा समज लोटसच्या कॉलिन चॅपमन यांच्या या गाडीपुढे टिकत नाही. त्याहूनही जुना धडा मॉरिस ओली यांचा. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेल्या या अभियंत्याने १९३० च्या दशकात दाखवून दिले की पुढची स्प्रिंग मागच्या स्प्रिंगपेक्षा मऊ असावी, म्हणजे उंचवटा पुढच्या चाकांना आधी लागला तरी मागचा भाग चपळतेने हलून पुढच्याशी ताल जमवतो आणि गाडी होडीसारखी पुढेमागे डोलत नाही. बाजारातले किती संच हे प्रमाण पाळून बनवले जातात? ज्या संचाची जाहिरात मडगार्ड आणि टायर यांच्यामधली फट पुढेमागे सारखी दिसते या गुणावर होते, त्याच्या पुढच्या-मागच्या स्प्रिंगांचे नाते डोळ्यांना सुख देण्यासाठी जुळवलेले असण्याचीच शक्यता अधिक. विक्रेता दोन्ही टोकांचे कडकपणाचे आकडे द्यायला तयार नसेल तर तो संच न घेणे श्रेयस्कर, मग तो कितीही स्वस्त असो.

दुहेरी विशबोनची गाडी या प्रयोगात निदान भूमितीच्या बाबतीत सावरून घेते. पुढे मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाड्यांचे, म्हणजे ज्यांत वरचा आर्म नसून शॉकची जोडणीच चाकाला उभे धरते त्यांचे, तसे नाही. २०१२ साली बाजारात आलेली टोयोटा ८६ आणि तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड या अशाच गाड्या. स्ट्रटची गाडी खाली आणली की खालचा आर्म चाकाकडे वर झुकतो, आणि ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडी कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली जातो. दोहोंमधले अंतर, म्हणजे गाडीला कलवणारी तरफ, त्यामुळे लांबते. गाडी खाली आली आणि तिची कलण्याची ओढ मात्र वाढली, असा हा उफराटा प्रकार आहे, आणि नव्या स्प्रिंगचा वाढीव कडकपणा यातली तूट भरून काढण्यातच काही अंशी खर्ची पडतो. शिवाय चाक वर-खाली होताना स्टिअरिंगच्या दांड्याचा कोन बदलल्यामुळे ते आपोआप थोडे आत-बाहेर वळू लागते.

स्प्रिंगांच्या प्रकारांविषयीही जाहिरातींनी बराच धुरळा उडवला आहे. दबत जाताना अधिकाधिक कडक होणारी, म्हणजे वाढत्या कडकपणाची स्प्रिंग खड्ड्यांत मऊ आणि वळणात कडक राहते असे सांगितले जाते. ऐकायला हे फार सोयीचे आहे. पण अशा अनेक स्प्रिंगांतले जवळजवळ असलेले मऊ वेढे गाडीच्या नुसत्या वजनानेच मिटून जातात आणि जॅकवर चाक लोंबकळले तर स्प्रिंग सैल होऊ नये एवढेच काम करतात. त्यानंतर जी उरते ती साधीच स्प्रिंग. गाडी स्वतः कारखान्यातल्या स्प्रिंगा कापून खाली आणण्याबद्दल फार लिहायला नको. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या मोकळ्या वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून सहांपैकी एक वेढा कापला तर ती २० टक्के कडक होते, इथवर या युक्तीला शास्त्राचा आधार आहे. पण कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही, चाक खाली लोंबले की स्प्रिंग जागा सोडू शकते, आणि गॅसच्या ज्वाळेने कापताना पोलादाची ताकदच जाते. हा बचतीचा मार्ग नव्हे.

आता खुद्द पैशांचा हिशेब. एमएक्स-५ मध्ये स्प्रिंग काढायची तर शॉकची सगळी जोडणी उतरवावी लागते, स्प्रिंग दाबून ती सुटी करावी लागते, सगळे पुन्हा बसवून व्हील अलाइनमेंट करावे लागते. आज स्प्रिंग आणि वर्षभराने शॉक, असा हप्त्याहप्त्याने प्रवास करणारा मालक हीच मजुरी आणि हेच अलाइनमेंट दोनदा भरतो. अलाइनमेंट टाळले तर उंची बदलल्यामुळे चाकांचे कोन बदललेले असतात, गाडी टायर खाऊ लागते, आणि वाचवलेले पैसे टायरच्या आतल्या कडेवरून झिजून जातात. स्वस्त स्प्रिंगच्या किमतीत या गोष्टी मिळवल्या की ती स्वस्त राहत नाही. मात्र हा खर्च वेगवेगळ्या पावत्यांवर आणि वेगवेगळ्या महिन्यांत येत असल्याने तो एकत्र करून पाहण्याची वेळ मालकावर येत नाही.

उलट ज्या कामांत थोड्या पैशांत पुष्कळ पदरात पडते ती कामे नीरस म्हणून मागे राहतात. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये खालच्या आर्मच्या बोल्टांवर विकेंद्री चकत्या आहेत आणि त्या फिरवून चारही चाकांचा कल व दिशा ठरवता येते. वळणात उपयोगी पडेल असे अलाइनमेंट करून घेण्यासाठी एकही नवा भाग विकत घ्यावा लागत नाही. आर्मच्या सांध्यांतील रबरी बुश चिरले असतील तर कोणतीही स्प्रिंग त्या चाकाला जागेवर ठेवू शकत नाही. टायर, बुश, अलाइनमेंट आणि धडधाकट शॉक एवढे झाल्यावर, हवा असेल तर पुढचा अँटी-रोल बार, आणि त्यानंतरही उंची खुपत असेल तर स्प्रिंगचा विषय काढायला हरकत नाही. तेव्हाही ती शॉकसोबत, एकाच मजुरीत, आणि फार तर १५ ते २० मिलिमीटर खाली आणणारी असावी. या गाडीसाठी मिळणाऱ्या कोनी कंपनीच्या जुळवता येणाऱ्या शॉकमध्ये स्प्रिंगची खालची बैठक वेगवेगळ्या खाचांवर बसवण्याची सोय आहे, त्यामुळे उंचीचा निर्णय स्प्रिंगच्या कारखान्यावर सोपवावा लागत नाही. आटे फिरवून उंची बदलणारे स्वस्त कॉइलओव्हर संच हा तिसरा पर्याय बराच बोलबाला असलेला आहे. पण त्यांत पैसा आट्यांवर आणि रंगावर गेलेला असतो, शॉकच्या आतल्या झडपांसाठी तो क्वचितच उरतो, आणि उंची हाताशी आली की ती आणखी कमी करण्याचा मोह बहुतेकांना आवरत नाही.

कायद्याची बाजूही खर्चातच धरायला हवी. जर्मनीत उंची कमी करणाऱ्या स्प्रिंगला तपासणी-अहवाल नसेल किंवा बदलाची रीतसर तपासणी झाली नसेल तर गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच रद्दबातल ठरू शकतो; जपानमध्ये गाडीच्या तळाखाली किमान ९ सेंटिमीटर मोकळी जागा असल्याशिवाय ती नियतकालिक तपासणीत उत्तीर्ण होत नाही. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ मूळ निर्मात्याच्या तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा कडक अर्थ लावला आहे, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंडाची तरतूद केली. पुण्यामुंबईत स्पोर्ट्‌सकार खाली बसवू पाहणारा मात्र कायद्यापेक्षा गतिरोधकाला जास्त भितो. गंमत अशी की इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे बांधलेला गतिरोधक, म्हणजे १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, एमएक्स-५ इतक्या आखूड गाडीच्या पोटाशी दोन अ‍ॅक्सलच्या मधोमध जेमतेम ३८ मिलिमीटर वर येतो. घासाघीस होते ती त्या मानकाशी काहीही संबंध नसलेल्या, रातोरात उगवणाऱ्या उंच आणि अरुंद वरवंट्यांवर. त्यांवर तळ घासणे हे दिसणारे नुकसान. चाक आदळून शॉक ठोकळ्यावर बसणे हे न दिसणारे.

गाडी खाली बसलेली सुंदर दिसते म्हणून ती खाली आणायची, असे कोणी सरळ म्हणत असेल तर त्याच्याशी वाद घालण्याचे कारण नाही. सौंदर्यासाठी चाल गमावणे हा व्यवहार त्याने उघड्या डोळ्यांनी केलेला असतो. आक्षेप आहे तो त्याच व्यवहाराला कमी खर्चातली सुधारणा म्हणून खपवण्याला. ज्याला तो तपासायचा असेल त्याला एकही सुटा भाग विकत घ्यावा लागत नाही. शॉकवरचे धुळीचे आवरण वर सरकवून त्याच्या दांड्याभोवती प्लॅस्टिकचा एक केबल टाय बेताचा घट्ट बांधावा, तो शॉकच्या तोंडापर्यंत खाली ढकलावा, आणि मूळ उंचीवरची गाडी दोन माणसे व सामान घेऊन नेहमीच्या रस्त्यावर काही दिवस चालवावी. दांडा आत जाईल तितका तो टाय वर सरकतो आणि तेथेच राहतो, त्यामुळे चाकाने किती जागा वापरली ते मोजपट्टीने मोजता येते. मूळच्या उंचीवरच तो बंप स्टॉपला जाऊन टेकलेला आढळला, तर त्या गाडीजवळ देण्यासाठी वीस मिलिमीटर शिल्लक नाहीत, आणि ते कोठून आणायचे हे स्प्रिंग आधी घ्या म्हणणाऱ्यांनी सांगितले पाहिजे.